गुरूवरचे दोन डाग

भाचीच्या पुस्तकाचं मधलं जोडपान निखळलं आणि ते चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. टळटळीत दुपार, हातात डिंकाची बाटली, पुढ्यात अख्खी सूर्यमाला. फाटली होती ती नेमकी शनीतून. ही चित्रं कायम शनीतून नाहीतर गुरूतूनच फाटतात. ग्रह ओळीने मांडत आणले की धिप्पाड मंडळी बरोबर घडीवर येतात आणि पिन मारायलाही तीच जागा असते. बुध-शुक्राच्या केसालाही धक्का लागत नाही.

"आत्या, कड्यांत फट नको हं दिसायला," असं बजावून भाची फरशीवर पालथी पडली आणि पुस्तकाची उरलेली पानं चाळायला लागली. शनीच्या कड्यांत फट असतेच, कॅसिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ती १६७५ मध्ये पाहून ठेवली आहे. पण असल्या पळवाटा नऊ वर्षांच्या गिऱ्हाइकापुढे चालत नाहीत. मी मुकाट्याने दोन अर्धे शनी जुळवायला घेतले.

माझ्या लहानपणीच्या पुस्तकात पिन गुरूतून गेली होती. पुस्तक मुळात मावसभावाचं. तो मोठा झाला, त्याला आकाशाचा कंटाळा आला आणि पुस्तक माझ्याकडे उतरलं. तोवर पिनेला गंज चढला होता. तो कागदात मुरून गुरूच्या ऐन पोटावर एक तांबूस ठिपका पडला होता. त्याच्या जरा खाली, डावीकडे, चित्रकाराने काढलेला अधिकृत तांबडा डाग. मजकुरात लिहिलं होतं की गुरूवर एक प्रचंड तांबडा डाग आहे आणि त्यात आपली पृथ्वी सहज मावेल. एक डाग. मला तर दोन दिसत होते, आणि त्यातला कुठला, हे पुस्तक सांगत नव्हतं. चित्रकाराचा डाग फिकट, गुलाबीकडे झुकणारा, कोणीतरी गालाला लावल्यासारखा. गंजाचा गडद, कडा पसरलेल्या, मध्ये काळपट. वादळ असेल तर ते असंच असणार. मी गंजावर विश्वास ठेवला. शाळेत गुरूचं चित्र काढायची वेळ आली तेव्हा डाग बरोबर मध्यावर काढला आणि त्यात पिनेची दोन बारीक भोकंही दाखवली. बाईंनी विचारलं, ही काय? मी म्हटलं, तिथून वारा येतो.

तेव्हापासून असेल, मला एक खोड आहे. आकाशाचं बालपुस्तक हातात आलं की मी छपाईचं साल बघत नाही, गुरूचं पान उघडून चंद्र मोजते. बारा असतील तर पुस्तक १९५१ ते १९७४ मधलं. तेरा असतील तर त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतलं. सोळा म्हणजे १९७९ मध्ये व्हॉयेजर यानं तिथून गेल्यानंतरचं. शंका राहिलीच तर युरेनस बघायचा. त्याला कडी नसली तर पुस्तक १९७७ च्या आधीचं, चंद्र पाचच असले तर १९८६ च्या आधीचं. झाडाचं वय वलयं मोजून काढतात तसं. माझं पुस्तक बारा चंद्रांचं होतं आणि कडी ही त्यात फक्त शनीची मिरास होती. शनीचे चंद्र मोजणं मात्र मी आता सोडलंय. २०२५ च्या मार्चमध्ये एका फटक्यात १२८ चंद्र जाहीर झाले आणि त्याचा संसार २७४ वर गेला. डिंक लावता लावता भाचीच्या पुस्तकात पाहिलं, ८२. चार-पाच वर्षांचं पुस्तक, कोपरेही अजून दुमडलेले नाहीत, आणि शिळं.

माझ्या पुस्तकात युरेनस प्रजापती होता आणि नेपच्यून वरुण. मावसभावाने प्रजापतीशेजारी पेन्सिलीने 'हर्षल' असं लिहून ठेवलं होतं. मला वाटायचं, त्याच्या वर्गातला कोणी हर्षल असेल, चिडवायला लिहिलं असेल. खरी गंमत खूप नंतर कळली. विल्यम हर्शेलला हा ग्रह १७८१ मध्ये सापडला आणि त्याने आपल्या राजाचं नाव त्याला चिकटवायची बरीच खटपट केली. राजाचं नाव टिकलं नाही. मराठीत मात्र हर्शेलचा हर्षल झाला आणि माणूस स्वतःच ग्रह होऊन बसला.

प्लुटोचं दुःख सगळ्यांनी करून झालंय, त्यामुळे मी करत नाही. २००६ मध्ये त्याला ओळीतून काढलं, एवढंच. माझी तक्रार फक्त तालाची आहे. बुध शुक्र पृथ्वी मंगळ, गुरू शनी युरेनस नेपच्यून प्लुटो. शेवटच्या 'प्लुटो'वर मान आपटायची असते. आता नेपच्यूनवर थांबताना जिन्याची एक पायरी कमी असल्यासारखं होतं. शिवाय ते नाव ऑक्सफर्डमधल्या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलेलं, १९३० मध्ये, हे माझ्या पुस्तकात होतं. मला त्या मुलीचा भयंकर हेवा वाटायचा. अजून एखादा ग्रह सापडला तर हाताशी असावीत म्हणून मी चार नावं काढून ठेवली होती. त्यातलं एक आमच्या मांजराचं होतं.

पण ही ओळच मुळात खोटी होती, ते कुठे माहीत होतं! प्लुटोची कक्षा इतकी लांबोडकी की २४८ वर्षांच्या फेरीत वीसेक वर्षं तो नेपच्यूनच्याही आत येतो. मागच्या खेपेला आला तो १९७९ च्या फेब्रुवारीत, आणि परत बाहेर गेला १९९९ च्या फेब्रुवारीत. मी जन्मले १९७८ मध्ये. म्हणजे मी मान आपटत होते ती सगळी वर्षं शेवटचा ग्रह नेपच्यूनच होता. पाठ म्हणून घेणाऱ्या एकाही मोठ्या माणसाने हे सांगितलं नाही. पुस्तकात तळाशी बारीक टाइपात होतं म्हणे. तळाचा बारीक टाइप वाचायचं वय असतं का ते?

पुस्तकाच्या शेवटी आकाशाचा नकाशा होता. काळं वर्तुळ, त्यात पांढरे तारे, आणि वर्तुळाबाहेर चार दिशा. वर उत्तर, खाली दक्षिण, डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम. मी नुकतीच भूगोलात नकाशा शिकले होते. पूर्व उजवीकडे असते हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. छापील पुस्तकात चूक! एवढा आनंद मला नंतर फारच थोड्या गोष्टींनी दिला आहे. मी लाल पेन घेतलं, बाई खोडतात तसं दोन्ही दिशांवर तिरपी रेघ ओढली आणि बाजूला लाल अक्षरांत दुरुस्त दिशा लिहिल्या.

मग गच्चीवर जायला लागले. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधायचा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, असं पुस्तकात लिहिलं होतं. ते मी तंतोतंत पाळलं. पुस्तक कठड्यावर आडवं ठेवायचं, टॉर्च लावायचा, नकाशात बघायचं, वर बघायचं. काही जुळायचं नाही. मृग उगवायला हवा त्या बाजूला रिकामा काळोख, आणि पाठीमागे तो पोटात बाण घेऊन उभा. तीन-चार रात्री असं झालं. आकाश चुकत असावं, इथवर मी आले होते.

एका रात्री मान दुखायला लागली म्हणून गच्चीवर उताणी झाले. डोकं उत्तरेकडे होतं, तो निव्वळ योगायोग. पुस्तक तोंडावर धरलं, टॉर्च दातांत. आणि लाल प्रकाशात माझी लाल शाई दिसेनाशी झाली. तिरप्या रेघा गेल्या, दुरुस्ती गेली, कागद कोरा, आणि त्यावर काळ्या ठशात फक्त छापलेलं उरलं. डावीकडे पूर्व. माझ्या डाव्या हाताला खरोखरची पूर्व होती, तिथून मृग वर चढला होता. त्याच्या बाणातले तीन तारे, आणि तीच रेघ खाली ओढत नेली की व्याध, सगळं कागदावर होतं तसंच्या तसं. जमिनीचा नकाशा खाली बघून वाचायचा असतो आणि आकाशाचा वर बघून, एवढी साधी गोष्ट. दातांत टॉर्च असल्यामुळे ओरडता आलं नाही.

खाली येण्याआधी त्याच प्रकाशात सहज मधलं जोडपान उघडलं. गुरूवरचा चित्रकाराचा डाग साफ नाहीसा झाला होता. गंजाचा मात्र काळाकुट्ट शाबूत. मग काही शंकाच उरली नाही. जे खोटं असतं ते लाल प्रकाशात पुसलं जातं, हे मी दहा मिनिटांपूर्वीच डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढची दोन-तीन वर्षं मी या शास्त्रावर काढली.

या सगळ्यात शनी जुळत आला होता, पण एक मिलिमीटरभर फट राहिलीच. दोन्ही कडा दाबून धरल्या आणि वाळेपर्यंत दुसरा उद्योग नव्हता म्हणून हिशोब करत बसले. जोडपान चाळीस सेंटिमीटर रुंद. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत साडेचारशे कोटी किलोमीटर. म्हणजे मिलिमीटरला एक कोटीच्या वर. त्या फटीत पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचं अंतर तीसेक वेळा ओळीने मांडता येईल. आणि याच मापात सूर्य काढायचा तर केसाच्या जाडीएवढा. पृथ्वी दिसणारच नाही. खरंखुरं जोडपान छापायचं ठरवलं तर डाव्या कडेला एक केस आणि बाकी कोरा कागद. कोण विकत घेईल? चित्रकार ग्रहांना गुण्यागोविंदाने खांद्याला खांदा लावून उभे करतात त्यात त्यांचा काय दोष. मात्र लघुग्रहांचा पट्टा दगडांच्या ढिगासारखा दाखवतात ते मला अजून खपत नाही. त्या पट्ट्यातून यानं बिनदिक्कत जातात, पायोनियर-१० तर पन्नासएक वर्षांपूर्वी गेलं. ते असो.

"आत्या, तू कधी जन्मलीस?" भाची खालून म्हणाली. ती धूमकेतूच्या पानावर पोचली होती.

सांगितलं. आणि ती कशाला विचारतेय हेही लगेच कळलं, कारण त्या पानावर सगळे हेच करतात. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१. माझ्या पुस्तकात '१९८६ मध्ये येईल' असं होतं, आणि तो खरंच आला होता, आणि त्याच गच्चीवरून मला जो दिसला तो फळा पुसल्यावर उरलेल्या खडूसारखा. त्या खेपेला तो ऐन भरात असताना सूर्याच्या पलीकडल्या बाजूला होता. दोन हजार वर्षांतलं त्याचं सर्वांत निकृष्ट दर्शन ते, आणि नेमकं माझ्या वाट्याला. बरं, पुढच्या वेळी, असं म्हणून मी तिथेच समासात वजाबाकी केली होती. २०६१ वजा १९७८. त्र्याण्णव. त्याखाली 'नको' असं लिहिल्याचं आठवतंय.

"तेव्हा मी पंचेचाळीस," भाची म्हणाली. "आणि तू त्र्याऐंशी."

"त्र्याण्णव," मी म्हटलं.

"त्र्याऐंशी."

"अगं, माझं वय मला माहीत नाही का?"

तिने वही आणून पुढ्यात धरली. "हे बघ. एकातून आठ जात नाहीत, म्हणून सहाकडून एक उसना घेतला. मग सहाचे पाच झाले. तू पाच केलेच नसशील."

केलेच नव्हते. उसना घेतलेला फेडलाच नव्हता, आणि आठव्या वर्षी केलेला तो हिशोब पुढे कधी तपासायचं कारणही पडलं नव्हतं. त्र्याण्णव हा आकडा इतकी वर्षं डोक्यात तसाच होता. त्यावरून मी अधूनमधून काही ठरवलंही असेल. भाची वही घेऊन परत फरशीवर गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

२०२३ च्या ९ डिसेंबरला हॅलेचा धूमकेतू त्याच्या वाटेवरच्या सर्वांत लांबच्या टोकाला पोचला आणि तिथून परत फिरला. तेव्हापासून तो इकडेच यायला निघालाय. ते टोक नेपच्यूनच्याही बाहेर, म्हणजे आमच्या जोडपानाच्या मापाने कागदाची उजवी कड ओलांडून आणखी सहा-सात सेंटिमीटर. टेबलावर, डिंकाची बाटली ठेवली होती साधारण तिथे. त्या दिवशी मी काय करत होते ते आठवून पाहिलं. शनिवार होता. बाकी काही आठवलं नाही.

बाटली उचलली तर खाली डिंकाचं ओलं कडं उमटलं होतं. वाळायच्या आत पुसून टाकलं.