आठ डबे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात बिल्डरांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं आणि व्हिडिओ बनतात. तिथे येणारा प्रत्येक जण आधी मांडणीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मांडणी उद्यमनगरात लोखंडी अँगल वेल्ड करून घेतलेली, तिच्यावर आठ काळे डबे, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून तयार चित्र काढणारे, रेंडर करणारे कॉम्प्युटर. हेच आमचं रेंडर फार्म. प्रश्न ठरलेला. "दोन 4090 ग्राफिक्स कार्डं घालून एकच दणदणीत मशीन घेतलं असतंत, तर जागा वाचली असती, लाइट बिल वाचलं असतं." पाहुणा पुण्याचा असेल तर पुढे हेही येतं, "आणि आजकाल स्वतःचं फार्म कोण ठेवतं? क्लाउडवर टाका की." इतकी वर्षं मी हसून चहा सांगत आलो. आता एकदाच काय ते सांगून टाकतो.

आधी तुमचीच बाजू मांडतो, कारण ती मला तोंडपाठ आहे. आमच्या प्रत्येक डब्यात रायझन 9 5950एक्स प्रोसेसर, 64 जीबी रॅम आणि 12 जीबीचं 3060 ग्राफिक्स कार्ड आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये एक 4090 अशा चार-पाच 3060 चं काम एकटं उपसतं. म्हणजे दोन 4090 आमच्या आठांना गाठतील, बहुधा मागेच टाकतील. त्यांची मेमरी प्रत्येकी 24 जीबी. आमच्या आठ कार्डांची बारा-बारा मिळून 96 होत नाही, कारण सीन, म्हणजे मॉडेल-टेक्स्चर सगळं, प्रत्येक कार्डात अख्खा मावावा लागतो. रॅमचंही तसंच. एकच सीन आठ ठिकाणी उघडायचा म्हणजे रॅम आठपट घ्यायची, आणि 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव जे भडकले ते बघून मलाही घाम फुटला. कोरोना आणि व्ही-रे या रेंडरच्या सॉफ्टवेअरना नोडमागे, म्हणजे मशीनमागे, लायसन्स लागतं. विंडोजचे अपडेट आठ, धूळ आठ डब्यांची. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला 110 एमबी मिळतात. दहा जीबीचा सीन आठही मशीननी एकदम ओढला तर पहिली फ्रेम सुरू व्हायलाच बारा मिनिटं जातात. एकाच मशीनला यातलं काही नाही. झालं? तुमच्या बाजूचं माझ्याकडून काही राहिलं असेल तर पुढच्या वेळी येताना सांगा.

आता माझं. आमची बरीचशी स्टिल्स, म्हणजे स्थिर चित्रं, कोरोनात होतात, आणि कोरोना रेंडर करतो तो प्रोसेसरवर. डीनॉइजिंगसारखं, म्हणजे चित्रातले दाणे पुसण्यासारखं, किरकोळ काम सोडलं तर कार्ड 4090 असो की त्याचा बाप, त्याला फरक पडत नाही. हे कारण खरं आहे, पण ते पाहुण्यांना सांगायचं कारण आहे. एवढंच असतं तर आठातली चार कार्डं मी कधीच विकून टाकली असती.

खरं कारण 2021 च्या जुलैत आहे.

तेव्हा आमच्याकडे तुम्ही म्हणता तेच होतं: 32 कोअरचा थ्रेडरिपर प्रोसेसर, दोन 3090 कार्डं, 1600 वॅटचा पॉवर सप्लाय, एकच मशीन. सांगलीकडच्या एका बिल्डरचा नव्वद सेकंदांचा वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरवणारा व्हिडिओ, चालू होता. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर 2250 फ्रेम, फ्रेमला चार मिनिटं, म्हणजे दीडशे तास. सव्वासहा दिवस-रात्र अखंड चाललं असतं तर मुदतीआधी थोडा वेळ उरत होता. पाऊस लागून राहिलेला. एका रात्री लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि मशीन काही उठलं नाही. यूपीएस होता का, हे तुम्ही विचारणारच. होता, एक केव्हीएचा. पण हे मशीन भरात असताना एकटंच हजार वॅटच्या आसपास खेचायचं, म्हणून ते स्टॅबिलायझरवर आणि बाकीचं ऑफिस यूपीएसवर, अशी वाटणी होती.

सप्लायचा चोवीस पिनी कनेक्टर काढला, हिरव्या वायरला शेजारची काळी यू-पिनने जोडली. सप्लाय जिवंत असला तर बहुधा पंखा फिरतो. नाही फिरला. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्यानं झाकण उघडून आत टॉर्च मारला, वास घेतला आणि म्हणाला, "भावा, हे मॉसफेट इथं कुठं गावायचं न्हाई." एका गेमिंगवाल्या पोराकडून 850 वॅटचा सप्लाय मागून आणला, म्हटलं निदान एका कार्डावर चालवू. तर मदरबोर्डही बसलेला. सप्लाय जाता जाता त्यालाही घेऊन गेला होता. थ्रेडरिपरचा बोर्ड कोल्हापुरात कुणी ठेवत नाही, ठेवायचं कारणही नाही. पुण्याचा विक्रेता म्हणाला, पाठवतो. आणि पंचगंगा चढली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद. 2019 च्या पुराची सगळ्यांना आठवण होतीच. शिंगणापूर-बालिंग्याचे पंप पाण्याखाली गेल्यामुळे नळ कोरडे, गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग. अशा वेळी "माझा मदरबोर्ड अडकलाय" हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

ओळखीच्या एका सरांचा कॉम्प्युटर क्लास लॉकडाऊनपासून बंद होता. तिथली मशीनं म्हणजे जुनी आय-फाइव्ह, 16 जीबी रॅमवाली. सीन हलका केला. 8के ची एक टेक्स्चर इमेज, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं 8192 पिक्सेल रुंदीचं चित्र, डिस्कवर वीस-पंचवीस एमबीची दिसते, पण मेमरीत उघडली की 256 एमबी खाते, 4के केली की 64. सोफ्यावरच्या उशीलासुद्धा कुणीतरी, म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी, 8के लावलेली होती. प्रत्येक मशीनवर ब्लेंडर टाकलं, फ्रेमा वाटून दिल्या. फ्रेमला कुठे पंचवीस मिनिटं, कुठे चाळीस. दोन मशीनं मधेच गपगार झाली, त्यांच्या वाटच्या फ्रेमा दुसऱ्यांना दिल्या, बाकीची चालतच राहिली. एका पहाटे जाऊन बघतो तर सगळा क्लास अंधारात. वॉचमननं रोजच्या सवयीनं मेन स्विच पाडला होता. इतकं होऊन नुकसान काय, तर प्रत्येक मशीनवर चालू असलेली तेवढी एक फ्रेम. मी वॉचमनवर ओरडायला गेलो आणि तसाच मागे फिरलो.

तरी नव्वद सेकंद काही झाले नाहीत. बेचाळीस दिले. बिल्डर फोनवर आवाज न चढवता म्हणाला, "तुमच्याकडं एकच मशीन हाय, हे आधी बोलायचं न्हाई का?" पैसे कापले, ते मी समजू शकतो. पुढच्या टॉवरचं काम दुसऱ्याकडे गेलं. बोर्ड बदलून आला तेव्हा मागची फाइल उघडायचीही कुणाची इच्छा राहिली नव्हती.

म्हणून डबे निवडताना मी बेंचमार्क, म्हणजे वेगाचे आकडे, शेवटी बघितले. आधी हे बघितलं की यातला कुठलाही भाग संध्याकाळी सातला जळाला तर आठ वाजेपर्यंत राजारामपुरीत मिळेल का. 650 वॅटचा सप्लाय मिळतो. बी550 मदरबोर्ड मिळतो. नाहीच मिळाला तर एक डबा बाजूला ठेवून सात चालू राहतात, क्लायंटला पत्ताही लागत नाही. कार्डं आठही एकाच जातीची घेतली, तीही याच हिशेबानं: अदलाबदल करून बघता येते.

विजेचं म्हणाल तर आठ डबे साधारण 2800 वॅट घेतात, म्हणजे बारा अँपिअर. जेवढे वॅट आत जातात तेवढीच उष्णता खोलीत येते, आणि एक टनाचा एसी काढतो साडेतीन हजार वॅट. खोलीची बाकीची उष्णताही धरून दीड टनाचा बसवला. मे महिन्यात प्रोसेसर इको मोडवर टाकतो. 142 ऐवजी 88 वॅटवर चालतात, वेग थोडा पडतो, एसीला दम खाता येतो. क्लाउडबद्दल एवढंच की बिल्डरचा "टाइल्स बदला" असा मेसेज रात्री अकराला येतो, आणि दर खेपेला तेवढा सीन वर चढवून डॉलरमध्ये बिल भरणं मला परवडत नाही. तुम्हाला परवडत असेल तर जरूर टाका.

हे सगळं म्हणताना ज्यानं ते मोठं मशीन घेतलं तो मी गप्प बसत नाही. त्याची वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, फ्रेममागे रुपये किती याचं गणित नीट मांडलेलं. गणितात चूक नाही, मी परत करून बघितलं. तो म्हणतो, पूर रोज येतो का? एका आठवड्याच्या धसक्यापायी तू वर्षानुवर्षं जादा बिल भरतोयस. मी म्हणतो, गेलेल्या टॉवरचे पैसे मांड त्या वहीत. तो म्हणतो, मग मोठ्या कार्डाची दोन मशीन घ्यायची होतीस, एक गेलं तरी अर्धं काम राहिलं असतं, आठ कशाला? इथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आठातलं एक गेलं तर आठवा हिस्सा जातो, हे आहे. पण दोन आणि आठ यांच्या मध्ये तीन-चार हे आकडेही असतात, आणि त्यांचा विचार मी तेव्हा रागाच्या भरात केलाच नाही की करून सोडून दिला, हे आता आठवत नाही.

शिवाय झाडं-गवत घातलेले सीन 12 जीबीत मावेनासे झालेत. ते प्रोसेसरवर टाकावे लागतात आणि तेवढ्यापुरती आठही कार्डं बसून राहतात. म्हणून सध्या दोन कोटेशनं मागवलीत. एक 5090 च्या एका मशीनचं, 32 जीबी मेमरी, कार्ड एकटंच 575 वॅटचं. दुसरं, आहेत त्याच डब्यांत निम्मी कार्डं 16 जीबीची करण्याचं. पहिल्याच्या विक्रेत्याला विचारलंय की सप्लाय गेला तर तेवढ्या ताकदीचा दुसरा कोल्हापुरात कुणाच्या दुकानात पडलेला असेल. तो म्हणाला, वॉरंटी आहे की साहेब. मी प्रश्न परत विचारलाय.