प्रेसबर्गर यांचेच नाव आधी का?

चित्रपट दिग्दर्शकाचा मानला जातो, मग ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांच्या चित्रपटांचा विषय निघाला की मी त्यांचे पटकथाकार एमेरिक प्रेसबर्गर यांचे नाव आधी का घेते, असे तुम्ही नेहमी विचारता. पॉवेल यांचे मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्या चित्रपटांमधली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती प्रेसबर्गर यांच्या लेखणीतून आलेली आहे.

१९०२ मध्ये हंगेरीतील मिश्कोल्त्स येथे जन्मलेले प्रेसबर्गर बर्लिनच्या उफा कंपनीत पटकथा लिहीत होते. नाझी सत्तेवर येताच ज्यू म्हणून त्यांचे काम गेले आणि पॅरिसमार्गे ते १९३५ मध्ये लंडनला पोहोचले. तिथे त्यांच्याच देशाचे निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्यामुळे त्यांची पॉवेल यांच्याशी गाठ पडली. पुढे ‘लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन’ या एकाच ओळीत दोघांची नावे झळकू लागली, आणि लेखकाला असा बरोबरीचा मान त्या काळी क्वचितच मिळत असे.

‘फॉर्टीनाइन्थ पॅरलल’च्या कथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. कॅनडात अडकलेल्या नाझी खलाशांच्या पाठोपाठ ती कथा चालते, आणि त्यांच्यातल्याही एकाला लेखक सद्सद्विवेक देतो. १९४३ च्या ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’मध्ये तर, युद्ध ऐन भरात असताना, सर्वांत शहाणा माणूस जर्मन आहे. चर्चिल यांचा या चित्रपटाला विरोध होता. त्यात थिओ हा वृद्ध जर्मन निर्वासित इंग्लंडमध्ये आश्रय मागताना, इंग्रज पत्नी मरण पावल्याचे आणि मुलगे नाझी झाल्याचे अधिकाऱ्यांपुढे शांतपणे सांगतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. हे लिहिणारा माणूस त्या वेळी स्वतःही कायद्याच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा नागरिक होता. ब्रिटिश नागरिकत्व त्याला १९४६ मध्ये मिळाले. परक्या दारात उभे राहून आपली बाजू मांडावी लागणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच असा प्रसंग लिहिता येतो असे मला वाटते.

‘द रेड शूज’ची पटकथाही मुळात त्यांनी कोर्डा यांच्यासाठी लिहिली होती, मुंबईत जन्मलेल्या अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांना डोळ्यांसमोर ठेवून.

पॉवेल यांच्याशी भागीदारी संपल्यानंतर, १९६६ मध्ये, त्यांची ‘द ग्लास पर्ल्स’ ही कादंबरी आली. तिचा नायक लंडनमध्ये लपून राहिलेला नाझी डॉक्टर आहे. लेखकाची आई आउश्वित्झमध्ये मारली गेली होती. तरीही त्यांनी त्या गुन्हेगाराची भीती आतून लिहिली आणि त्याचा गुन्हा मात्र तसूभरही सौम्य केला नाही.