स्वच्छ वासाच्या शोधात

सात वर्षे वापरलेला माझा परफ्यूम या मे महिन्यात संपला. बनवणाऱ्या कंपनीने त्याचे उत्पादन आधीच थांबवले होते, त्यामुळे तळाशी उरलेले थेंब मी लग्नकार्यापुरते राखून वापरत होते, आणि एका सकाळी फवाऱ्यातून नुसती हवा बाहेर आली. नवा सुगंध शोधणे भाग होते. माझी अट एकच होती: तो स्वच्छ आणि मोकळा असावा, अंगावर ओझ्यासारखा बसू नये.

ही अट केवळ आवडीची नाही. मी खानापूरहून बेळगावला रोज बसने नोकरीला जाते. जूनमध्ये कणकुंबी-जांबोटीच्या बाजूने पाऊस सुरू झाला की बसच्या काचा बंद होतात, ओल्या छत्र्या पायांशी निथळत असतात, आणि त्या कोंदलेल्या हवेत कुणी व्हॅनिलाचा किंवा उदाचा जड वास फवारून आले की पुढचा पाऊण तास साऱ्या बसला तो सोसावा लागतो. माझे डोके अशा वासाने उठते. आपल्यामुळे शेजारी बसलेल्या बाईचे डोके उठू नये, असे मला मनापासून वाटते.

शोधाला लागल्यावर पहिली अडचण आली ती शब्दाची. दुकानात ‘फ्रेश’ म्हटले की दहा बाटल्या पुढे येतात आणि त्या दहाही एकमेकींसारख्या नसतात. म्हणून मी आधी स्वतःलाच विचारले की मला स्वच्छ वास म्हणजे नेमके काय आठवते. उत्तर लगेच मिळाले. मलप्रभेच्या काठावर आजी लुगडी धूत असे आणि ती खडकांवर पसरून वाळवत असे. दुपारी ती गोळा करताना मी त्यांत तोंड खुपसत असे, आणि तेव्हा येणारा कोरडा, किंचित गोडसर, उन्हाने तापलेला वास मला आजही ओळखता येईल. ओले सुती कापड उन्हात वाळताना त्यावर अल्डिहाइड या वर्गातले काही रेणू तयार होतात आणि तो वास त्यांचा असतो, हे मला फार उशिरा कळले. गंमत म्हणजे १९२१ साली आलेल्या शनेल नंबर ५ या गाजलेल्या परफ्यूममध्येही अल्डिहाइडांचा सढळ वापर आहे. पुढे साबण बनवणाऱ्यांनी तीच तऱ्हा उचलली, आणि म्हणूनच अनेकांना तो वास ‘साबणासारखा’ वाटतो. मला मात्र त्यात फुलांची गर्दी फार वाटली.

दुसरा स्वच्छ वास लिंबाचा. आमच्या परसात ईडलिंबाचे झाड आहे. त्याचे पान चुरगाळले की फळापेक्षाही हिरवा, जरासा कडवट वास बोटांना लागतो. युरोपात याच घराण्याच्या वासांवर एक मोठी परंपरा उभी आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली फारिना या इटालियन कुटुंबाने सुरू केलेल्या पेढीतून योहान मारिया फारिना यांचे सुगंधी पाणी प्रसिद्धीला आले, आणि शहराच्या नावावरूनच त्याला ‘ओ द कोलोन’ म्हणजे कोलोनचे पाणी हे नाव मिळाले. बर्गामोट हे लिंबाच्या जातीचे सुगंधी फळ, लिंबू, संत्रे आणि कडू नारिंगाच्या फुलांपासून काढलेले नेरोली तेल ही अशा कोलोनची ओळखीची सामग्री आहे. त्याच कडू नारिंगाची पाने आणि कोवळ्या काड्या ऊर्ध्वपातित केल्या की पेटिग्रेन मिळते. पेटिग्रेनचा वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मी थेट आमच्या परसात पोहोचले.

मात्र या वासांचे दुखणेही त्यांच्या गुणातच आहे. लिंबूवर्गीय तेलांतले रेणू हलके असतात, म्हणून ते नाकाशी झटकन पोहोचतात आणि तितक्याच झटकन उडून जातात. वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. त्यातून अस्सल कोलोनमध्ये सुगंधी द्रव्याचे प्रमाणच साधारण २ ते ४ टक्के असते. ओ द टॉयलेट या त्याहून दाट प्रकारात ते ढोबळमानाने ५ ते १५ टक्के आणि ओ द पार्फम या आणखी दाट प्रकारात १५ ते २० टक्के असते. ‘हा टिकत नाही’ अशी तक्रार मी स्वतः अनेकदा केली आहे, पण आता मला ती अन्यायाची वाटते, कारण लिंबाने संध्याकाळपर्यंत थांबावे ही अपेक्षाच त्याच्या स्वभावाबाहेरची आहे. ताजा वास दिवसभर टिकतो असे बाटलीवर लिहिलेले असेल, तर तो टिकणारा भाग लिंबाचा नसून त्याच्या खाली घातलेल्या दुसऱ्या कशाचा तरी असतो. तो दुसरा पदार्थ आपल्याला आवडतो का, हेच खरे तपासायचे असते. दुकानात पहिल्या मिनिटाला जे आवडते, त्यावर पैसे मोजले जातात, आणि आपल्याबरोबर दिवसभर राहतो तो तळाचा वास. मी आधी दोनदा इथेच फसले होते.

पहिल्यांदा फसले ती घरबसल्या मागवलेल्या बाटलीने. वर्णनात बर्गामोट आणि समुद्राची झुळूक असे लिहिले होते. झुळूक दहा मिनिटांत ओसरली आणि मागे जळक्या साखरेसारखा गोडवा राहिला, तो आंघोळ केली तरी जाईना. दुसऱ्यांदा शहरातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने माझ्या दोन्ही हातांवर मिळून आठ परफ्यूम फवारले. चौथ्यानंतर नाकाला काहीच उमजेनासे झाले, आणि त्याच गोंधळात ‘आज सवलतीचा शेवटचा दिवस आहे’ हे ऐकून मी एक बाटली घेऊन बाहेर पडले. ती आजही कपाटात तशीच आहे. अशा वेळी हुंगायला कॉफीच्या बिया पुढे करतात. त्यांचा मला काही उपयोग झाला नाही. दाराबाहेर पाच मिनिटे मोकळ्या हवेत उभे राहणे, किंवा स्वतःच्या कोपराच्या खोबणीत श्वास घेणे, एवढ्याने नाक अधिक चांगले ताळ्यावर येते.

पाण्यासारख्या, समुद्रासारख्या म्हणवणाऱ्या वासांना मी यंदा प्रामाणिकपणे संधी दिली. त्यांच्यामागे बहुतेक वेळा कॅलोन नावाचे रसायन असते, जे फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ मध्ये गवसले. १९९० च्या दशकात या वासांची लाट आली. १९९२ चे लो दिसे आणि १९९६ चे अक्वा दि जिओ हे त्यांतले परफ्यूम आजही विकले जातात. अनेकांना त्यांत समुद्र भेटतो. मला कापलेल्या कलिंगडाच्या सालीचा वास येतो, आणि तो मला अंगावर नको आहे. याउलट १९६६ च्याच ओ सोवाज या परफ्यूममध्ये तो घडवणाऱ्या एदमों रुदनिस्का यांनी हेडिओन हे जाईशी नाते असलेले द्रव्य वापरले, आणि लिंबाला त्याने जी हवा मिळाली, ती मला फार आवडते. फूल दिसू नये पण खिडकी उघडल्यासारखे वाटावे, अशी ती किमया आहे. तो पुरुषांसाठी म्हणून विकला जातो. सुगंधाला पुरुष-बाई असते असे मला वाटत नाही, त्यामुळे मी तो निःसंकोच हातावर घेऊन पाहिला.

धुतलेल्या कपड्यांसारखा म्हणून जो वास आज बाजारात सर्वाधिक मिळतो, तो बहुतांशी पांढऱ्या कस्तुरीचा, म्हणजे कृत्रिम मस्कचा असतो. हे रेणू मोठे आणि पाण्यात न विरघळणारे असल्याने कपडे खंगाळल्यावरही धाग्यांना चिकटून राहतात, म्हणून धुण्याच्या पावडरीत ते घातले जातात, आणि त्या सवयीतूनच आपल्या मनात त्यांचा संबंध स्वच्छतेशी जुळला. असा एक नमुना मी मनगटावर लावला आणि तासाभरात मला तो येईनासा झाला. मी पुन्हा लावणार होते, एवढ्यात स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, “आई, ते परफ्यूम पुरे की आता, इथपर्यंत येतंय.” मला न येणारा वास तिला दोन खोल्यांपलीकडे येत होता. पुष्कळ माणसांच्या नाकाला काही मस्क ओळखूच येत नाहीत किंवा लवकर येईनासे होतात, आणि त्या समजुतीत माणूस फवाऱ्यावर फवारे मारत राहतो. त्या दिवसापासून मी लेकीला विचारल्याशिवाय दुसरा फवारा मारत नाही.

खरा उलगडा खडे बाजाराजवळच्या एका जुन्या अत्तराच्या दुकानात झाला. दुकान इतके चिंचोळे आहे की दोन गिऱ्हाइके उभी राहिली तर तिसऱ्याने पायरीवर थांबावे. काचेच्या बुचांच्या कुप्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या होत्या. माझ्याआधी आलेल्या बाई दुकानदार चाचांशी कन्नडमध्ये बोलत होत्या आणि त्यांच्या बोलण्यात ‘परिमळ’ हा शब्द आला, तेव्हा मला बरे वाटले; सीमेवरच्या या मुलखात दोन्ही भाषांनी सुगंधासाठी तोच शब्द जपला आहे. मी चाचांना सांगितले की मला गोड नको, उग्र नको, पण संध्याकाळपर्यंत थोडे तरी उरावे. त्यांनी गुलाब, हीना, मोगरा यांना हातही लावला नाही. एक हिरवट कुपी काढून तिच्या बुचाच्या टोकाने माझ्या मनगटावर बारीकशी रेघ ओढली. मी सवयीने दुसरे मनगट त्यावर घासायला गेले, तर म्हणाले, “घासू नका ताई, तसंच राहू द्या की. बाहेर फिरून या, मग सांगा.”

तो वाळा होता. पहिल्या क्षणी नाकाला लागला तो नांगरलेल्या ओल्या जमिनीचा आणि मुळांचा, किंचित धुरकट वास, आणि मी थोडी निराश झाले. मग गणपत गल्लीत भाजी घेतली, पावसाची सर आली म्हणून एका आडोशाला थांबले, आणि तासाभराने मनगट नाकाशी नेले. धुरकटपणा गेला होता. उन्हाळ्यात आजी माठात वाळ्याची जुडी सोडत असे, त्या पाण्याचा पहिला घोट घेताना जे नाकाला जाणवते ते तिथे होते: गार, कोरडे आणि स्वच्छ. संध्याकाळी सातला खानापुरात उतरले तरी ते होतेच. वाळ्याच्या तेलातले रेणू जड असल्याने सावकाश उडतात, म्हणून परफ्यूम बनवणारेही हलक्या वासांना तळाशी बांधून ठेवण्यासाठी ते वापरतात. स्वच्छ असूनही टिकणारे असे फार थोडे पदार्थ निसर्गात आहेत, आणि त्यांतला एक आपल्या माठात होता. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये तांब्याच्या डेगेत ऊर्ध्वपातन करून त्याचा शुद्ध अर्क, म्हणजे रूह खस, काढतात. तो फार महाग असतो. माझ्या हातावरचे शुद्ध रूह नसून मिश्रण आहे, हे चाचांनी विचारण्याआधीच सांगितले, आणि त्यामुळे माझा विश्वास बसला. मी ३ मिलीलीटरची कुपी घेतली.

त्यानंतर तिच्यावर शोभेल असा लिंबूवर्गीय फवारा शोधणे सोपे गेले. या वेळी मी घाई केली नाही. दोन-दोन मिलीलीटरचे चार नमुने मागवले आणि एका दिवशी एकच, तोही कामाच्या दिवशी, लावून पाहिला. कागदाच्या पट्टीवर जो छान वाटला होता तो माझ्या कातडीवर आंबूस झाला. दुसरा जूनच्या दमट, गार सकाळी सुंदर होता, पण उघडीप पडून ऊन तापले तसा दोन थांब्यांत उडून गेला. बेळगाव साधारण अडीच हजार फूट उंचीवर असल्याने इथली हवा किनाऱ्यासारखी घामट नाही, तरी उन्हात वास लवकर उडतो आणि पावसाळ्यात तो अंगाजवळ रेंगाळतो, एवढा फरक मला स्पष्ट जाणवला. कातडी कोरडी असेल तर आधी बिनवासाचे क्रीम किंवा व्हॅसलीन बोटभर लावावे. सुगंध त्यावर अधिक धरतो. बर्गामोटच्या नैसर्गिक तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते, ते कातडीवर असताना कडक ऊन लागले तर चट्टे पडू शकतात. आजच्या परफ्यूममध्ये बहुधा ते काढून टाकलेले तेल असते, तरी मी मानेऐवजी पदराच्या आतल्या बाजूला फवारते. अत्तराचे मात्र उलटे आहे, ते फिक्या कापडावर डाग पाडते, म्हणून ते कातडीवरच हवे.

शेवटी चौथा नमुना पसंत पडला. त्यात नेरोली आणि पेटिग्रेन आहे, वर थोडे लिंबू आहे, गोड काहीच नाही, आणि तो दीड तासात जवळजवळ संपतो. मी त्याची ३० मिलीलीटरचीच बाटली घेतली, कारण लिंबाची तेले हवा आणि उजेड लागून बिघडतात आणि मोठी बाटली संपेपर्यंत तिचा टवटवीतपणा निघून जातो. ती न्हाणीघरातल्या फळीवर न ठेवता कपाटात, साड्यांमागे ठेवली आहे.

आता सकाळी निघताना मनगटावर वाळ्याची एक रेघ आणि पदरावर नेरोलीचे दोन फवारे, एवढेच असते. गेल्या आठवड्यात बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी इकडेतिकडे पाहून विचारले, “कोणी लिंबं घेऊन चाललंय काय?” मी त्यांच्याकडे हात पुढे केला, त्यांनी मनगट नाकाशी नेले आणि म्हणाल्या, “होय की, आणि आत वाळा आहे.” नोव्हेंबरात पाऊस सरून कातडी कोरडी पडू लागली की ही जोडी कशी वागते, ते पाहून पुन्हा लिहीन.