पाणी डाव्या हाताला

धावणाऱ्यांच्या सहली नेणं हे माझं काम. आयफेल टॉवरसमोर फोटो काढणारी मंडळी वेगळी. माझ्याकडे येणारे लोक हॉटेलात पाऊल टाकल्या टाकल्या, खोलीची किल्ली हातात पडण्याआधीच, "सकाळी पळायला कुठं जायचं?" असं विचारतात. बहुतेकांच्या नावावर सातारा हिल मॅरेथॉनचं एखादं तरी पदक असतं, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा खजूर-चिक्की जास्त.

त्या सप्टेंबरात अशा दहा जणांना घेऊन मी फ्रान्सच्या ईशान्येला, व्होज डोंगरातल्या जेरारमेला गेले होते. लिहितात 'जेरारमेर', पण शेवटचा 'र' गावात कोणी उच्चारत नाही. मेर म्हणजे समुद्र, एवढंच फ्रेंच आपण शिकलेलो असतो. इथल्या डोंगरात मात्र जुन्या वापरात तळ्यालाच मेर म्हणत. ही गोष्ट मला माहीत होती. तिचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

गाव मला मनापासून आवडतं. 115 हेक्टरचं तळं, व्होजमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं, गावाला अगदी खेटून आहे. नोव्हेंबर 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावाचा बहुतेक भाग जाळला. त्यामुळे आज दिसतं ते बरचसं नंतर बांधलेलं, पण पायवाटा जुन्या आहेत. 1875 साली गावकऱ्यांनी इथे चक्क एक फेरफटका समिती काढली, 'कॉमिते दे प्रोमनाद'. फ्रान्सचं पहिलं पर्यटन कार्यालय म्हणून तिचं नाव घेतात. ज्या गावाला फिरायला जाण्यासाठी समिती काढावीशी वाटते, ते धावणाऱ्याला आवडणारच. बाजारपेठेत टेबलक्लॉथ-चादरींची दुकानं ओळीने आहेत, कारण लिननचं विणकाम हा इथला जुना धंदा. आमच्यातले एक इचलकरंजीचे यंत्रमागवाले तिथे तासभर उभे राहून कापडाची उलटी बाजू बघत होते. ते असो.

आदल्या रात्री जेवताना मी कार्यक्रम सांगितला. सकाळी साडेसातला तळ्याच्या काठावरून निघायचं. तीन-एक किलोमीटरवर सो दे क्यूव नावाचा धबधबा आहे, तिथपर्यंत वॉर्म-अप. व्होलोन्य नदी तिथे ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या धोंड्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. जवळच पाँ दे फे, म्हणजे पऱ्यांचा पूल, हा दगडी पूल. तिथून मागे फिरून तळ्यावर यायचं आणि काठाने प्रदक्षिणा, साधारण सहा किलोमीटर. आधी घरं आणि बागा, पलीकडे रांबरशांचं टोक, मग फर आणि स्प्रूसच्या अंधाऱ्या झाडीतून मुळांवरून उड्या मारत परत. हौशींनी दोन फेऱ्या. झाडांवर क्लब व्होजियनच्या रंगीत खुणा असतात, गोल कडं दिसलं की ती फिरून त्याच जागी येणारी वाट, हेही सांगितलं. शेवटी सगळ्यांचे चेहरे पेंगुळलेले पाहून एकच सोपा नियम दिला: "बाकी सगळं विसरा. तळं गाठायचं आणि पाणी डाव्या हाताला ठेवायचं. चुकूच शकत नाही."

कोल्हापूरचे काका खूश झाले. निवृत्त बँकवाले, वय 67. तीस वर्षं रोज रंकाळ्याला फेरी. "हे आपल्याला जमतंय," म्हणाले.

सकाळी धुकं होतं. महाबळेश्वरला पडतं तसं दाट, चार माणसांपलीकडचा पाचवा दिसू नये असं. धबधब्यापाशी मी डोकी मोजली, दहा भरली. फोटो झाले, मागे फिरलो. तळ्यावर पोचल्यावर पुन्हा मोजली, पुन्हा दहा. निघालो.

नऊ वाजून गेले तेव्हा सगळे काठावरच्या बाकांवर केळी खात बसले होते आणि काका नव्हते. दोन फेऱ्या करत असतील म्हणून दहा मिनिटं थांबले. मग एक जण सहज म्हणाला, "काका तळ्यावर होते का पण? मला धबधब्यानंतर दिसलेच नाहीत." पोटात खड्डा पडला. दहा माणसं नदी ओलांडतात, प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडत बसतो, ती गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. मी तिची उलटी बाजू करून दाखवली होती. नऊ जणांत स्वतःला मिळवून दहा भरवले होते.

फोन त्यांनी हॉटेलात चार्जिंगला ठेवलेला.

या धंद्यात घाबरल्यावर आधी हिशेब करायचा, हे मी शिकलेय. काका नियमाचे पक्के. तळ्यावर असतील तर पाणी त्यांच्या डाव्या हाताला असणार. मी पाणी उजव्या हाताला ठेवून उलटी फेरी मारली तर ते मला समोरून भेटलेच पाहिजेत. दोघा पोरांना धबधब्याकडे पाठवलं आणि मी पळत सुटले. धुकं आता वर सरकत होतं. झाडीतल्या त्या सुंदर वाटेकडे त्या दिवशी मी पाहिलंही नाही. प्रत्येक वळणावर पाण्याकडे मात्र पाहत होते. तळं 38 मीटर खोल आहे. हा आकडा मी दर वेळी मोठ्या कौतुकाने लोकांना सांगते.

पूर्ण फेरी झाली. काका भेटले नाहीत. धबधब्याकडची पोरं हात हलवत परत आली. म्हणजे एक तर जंगल, नाही तर पाणी.

112 ला फोन लावण्याआधी मी पर्यटन कार्यालयात शिरले, कारण निदान पत्ता आणि वाटांची नावं नीट सांगता यावीत. काउंटरवरच्या बाईंना माझ्या पुण्यात शिकलेल्या फ्रेंचमध्ये सांगितलं: वयस्कर गृहस्थ, निळं जाकीट, तळ्याभोवती धावत होते, सापडत नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "केल लाक, मादाम?" कोणतं तळं?

मला आधी राग आला. खिडकीबाहेर एवढं मोठं तळं पसरलंय आणि ही विचारतेय कोणतं! मी म्हटलं, हेच, आणखी कोणतं? बाईंनी काचेखालच्या नकाशावर बोट ठेवलं आणि तसंच वर सरकवलं. जेरारमेर. लाँजमेर. रतूर्नमेर. धबधब्याची नदी वरच्या दोन तळ्यांतून येते, आमच्या तळ्याचा तिच्याशी काही संबंध नाही. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांनी आमच्या तळ्याचा पश्चिमेचा मार्ग बुजवलाय, म्हणून त्याचं पाणी गावाच्या बाजूने, जामान्य नावाच्या ओढ्यातून उलटं बाहेर पडतं आणि धबधब्याच्या खाली जाऊन व्होलोन्यला मिळतं. हे सगळं मी पाठ केलेलं होतं. बसमध्ये माइकवरून सांगितलंही होतं.

बाईंनी फोन उचलला. लाँजमेरच्या काठी तंबू टाकायच्या जागा आहेत, तिथे एकेक करून विचारत गेल्या. दुसऱ्या फोनवर हसल्या. मग मला म्हणाल्या, "ते कॉफी पितायत. आणि ऑफिसातल्या लोकांना काहीतरी गोड खायला देतायत."

टॅक्सीने गेले. काका लाकडी बाकावर टॉवेल गुंडाळून बसलेले, समोर राजगिऱ्याच्या चिक्कीचं उघडलेलं पाकीट, शेजारी एक म्हातारा फ्रेंच माणूस आणि त्याचा कुत्रा. मला बघून काकाच वैतागले.

"ओ ताई, होता कुठं तुम्ही सगळी? दोन फेऱ्या झाल्या माझ्या!"

"काका, हे ते तळं नाही."

"नाही कसं? पाणी डाव्या हातालाच होतं की. एकदासुद्धा उजवीकडं जाऊ दिलं नाही."

बुटाची नाडी बांधायला ते धबधब्याशी थांबले होते. वर बघतात तो धुक्यात कोणी नाही. मग त्यांनी विचार केला, आणि खरं सांगते, मला त्यात अजून चूक काढता आलेली नाही. गावात तळं आहे. धबधब्याला एवढं पाणी आहे, म्हणजे ते तळ्यातूनच येत असणार. तर नदीच्या कडेनं वर जायचं, तळं लागेल. लागलं. पाटीवर नावाच्या शेवटी 'मेर' होतं, तेही बघून घेतलं. आकाराने लांबट वाटलं, पण धुक्यात काय कळतंय.

त्यांचं घड्याळ मी मागून घेतलं. साडेपंधरा किलोमीटर. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची होती, साधारण 736 मीटर. आमचं तळं 660 वर आहे. उत्तर बिचाऱ्यांच्या मनगटावरच होतं.

हॉटेलात सगळ्यांसमोर मी माझी चूक सांगितली. डोकी मोजण्याची एक, आणि तीन तळ्यांच्या मुलखात एका तळ्याचा नियम देण्याची दुसरी, जास्त मोठी. कोणी ओरडलं नाही. काकांचा भाव मात्र वधारला. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम लोकांनी परस्पर बदलला: "काकांच्या तळ्यावर जायचं."

ऊन होतं. काका सगळ्यात पुढे, मी सगळ्यात मागे, स्वतःला वगळून मोजत. "हितं मूळ आहे, बघून," "आता उतार लागंल," असं ते मालकाच्या थाटात ओरडत होते. लाँजमेरची फेरी पाच-एक किलोमीटरची, जेरारमेपेक्षा शांत, आणि मला तरी आता जास्त देखणी वाटते. नंतर गाडीने रोश द्यू द्याब्लला, म्हणजे सैतानाच्या खडकावर गेलो. तिथून खाली झाडीत दोन तळी दिसतात, एक लांबट, एक इवलंसं.

काकांनी कठड्याला टेकून बराच वेळ पाहिलं.

"आणि आपलं गावातलं?"

"ते डोंगराआड. इथून दिसत नाही."

"बघा म्हणजे," काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, "हितनं बघून गेलो असतो तरी मी तिथंच गेलो असतो."