डोळे सुधरले म्हणून खूश होऊन आलेली काकू

"मॅडम, माहे डोये सुदरले ना जी, आता चष्म्याबिगर सुई ओवते मी!" पन्नाशी ओलांडलेली बाई असं म्हणत आत आली की नेत्रतपासणीच्या ओपीडीत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न एकच येतो, हिची शुगर कधी तपासलीय का.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. नंबर काढणं, मोतीबिंदू शोधून पुढं पाठवणं, शाळेतल्या पोरांची तपासणी, हे आमचं काम. डिसेंबर होता, कापसाची वेचणी जोरात, अशा दिवसात दवाखान्यात जो येतो तो मजुरी बुडवून येतो, त्यामुळे त्याला दोन तास थांबवायचं म्हणजे जीवावर येतं. काकू पण मजुरी बुडवूनच आली होती, पण जवळचं सुधरलं म्हणून नाही, तर दूरचं भुरकं दिसायला लागलं म्हणून. एसटीची पाटी वाचता येईना. तिला वाटलं जुना चष्मा चुकीचा दिला असेल, किंवा आता दूरचा वेगळा लागेल, नंबर काढून द्या म्हणजे झालं.

पिशवीत जुना केसपेपर होता तिच्या, पावसाळ्याच्या आधीचा. त्यावर दूरचा नंबर शून्य, जवळचा प्लस दोन, दोन्ही डोळ्यांचा सारखा. म्हणजे त्या वयाला जसा असायला पाहिजे तस्साच. आता काढला तर दोन्ही डोळ्यांना दूरचा मायनस पावणेदोन, म्हणजे जवळचं बिनाचष्म्याचं दिसतं पण दूरचं भुरकं. सहा-सात महिन्यात एवढा फरक, आणि दोन्हीकडे सारखाच! मोतीबिंदूनं पण कधी कधी असं होतं, डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट व्हायला लागलं की मायनस चढतो आणि म्हाताऱ्या माणसाला अचानक पेपर वाचता यायला लागतो, पण ते हळूहळू होतं आणि बरेचदा एका डोळ्यात जास्त एका डोळ्यात कमी. काकूचं भिंग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, एकदम स्वच्छ.

मग विचारलं, काकू रात्री लघवीला किती वेळा उठता? ती लाजली, मग म्हणाली चार-पाच डाव तरी. तहान? "लय जी, वावरात दोन बाटल्या नेतो त्या दहा वाजताच सरते." कपडे ढिले झाले का? तर तिनं ब्लाउजला मारलेल्या दोन टिपा दाखवल्या आणि म्हणाली यंदा काम जास्त झालं ना, त्यानं वाळली. वजन केलं, 41 किलो. आधी 47 होतं असं तिला पक्कं आठवत होतं.

शुगर तपासू म्हटलं तर काकू हसायलाच लागली. "आमाले कायची शुगर होते मॅडम? ते त मोठ्या लोकाईले होते, बसून खानाऱ्याइले." बाहेर बाभळीखाली मोटारसायकलवर बसलेला नवरा पण तेच म्हणाला. आणि खरं सांगते, हे फक्त त्यांचंच म्हणणं नाही. आपल्याकडे गावात आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरतात, त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू-दारू, शारीरिक मेहनत, घरात कोणाला शुगर आहे का असे गुण असतात, आता काकूची कंबर बारीक, मेहनत दिवसभराची, व्यसन नाही, वयाचे गुण सोडले तर तिच्या फॉर्मवर काहीच चढलं नसतं. नियम असा आहे की गुण कितीही असोत, तिशीनंतर तपासणी सगळ्यांचीच व्हायला पाहिजे, पण आशाताई घरी जातात तेव्हा काकू वावरात असते आणि काकू घरी येते तेव्हा अंधार पडलेला असतो.

लॅबमधून आकडा आला 386. रँडम शुगर, म्हणजे कधीही काढलेली, 200 च्या वर आणि सोबत अशी लक्षणं असली की डायबेटिसच धरतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी दोन दिवसांनी आली, ती 11.4, तिथं 6.5 च्या वर गेलं की डायबेटिस. शरीर साखर वापरू न शकल्यानं चरबी जाळायला लागलं की लघवीत किटोन नावाचं द्रव्य येतं, मेडिकल ऑफिसरनी ते लगेच बघितलं, बारीक माणसाची शुगर एवढी चढलेली असली तर ते बघावंच लागतं, नशिबानं निगेटिव्ह होतं. गोळ्या सुरू झाल्या.

डोळ्यांचं काय झालं होतं ते सांगते. रक्तातली साखर खूप वाढली की ती डोळ्यातल्या भिंगात पण शिरते, तिथं तिचं सॉर्बिटॉल नावाचं द्रव्य बनतं, ते पाणी ओढून घेतं, भिंग फुगतं आणि नंबर मायनसकडे सरकतो. जवळचं बिनाचष्म्याचं दिसायला लागतं आणि माणूस खूश होतो. आता यात सगळ्यात धोक्याची गोष्ट पुढं असते. गोळ्यांनी शुगर उतरली की भिंग पुन्हा मूळ ताकदीवर यायला लागतं, मधे काही आठवडे तर उलटं प्लसकडे पण जातं, म्हणजे काकूला सुई ओवता यायची बंद होणार आणि ती काय म्हणणार? गोळ्यांनी डोळे गेले! आणि गोळ्या बंद. म्हणून तिला आणि नवऱ्याला दोघांना समोर बसवून मी हे आधीच सांगितलं की जवळचं दिसणं कमी होईल, ते होणारच, ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, आणि नवा चष्मा आत्ता करून पैसे घालवू नका, शुगर स्थिर होऊ द्या. काकूचा चेहरा बघवत नव्हता. चांगली झालेली नजर परत घेऊन चाललेय मी असं तिला वाटलं असणार.

मग खाण्याचं निघालं. पथ्याचा छापील कागद आमच्याकडे आहे, त्यात भात बंद, साखर बंद, बटाटा बंद असं लिहिलंय, पण ज्या घरात पोट भरतंच भातावर त्यांना भात बंद सांगून काय उपयोग, म्हणून मी विचारत बसले की काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं. सकाळी पाचला चहा, सोबत टोस्ट. आठला वावरात जाताना पुन्हा चहा. बारा-एकला शिदोरी, दोन पोळ्या आणि मिरचीचा ठेचा नाहीतर लोणचं, भाजी असली तर असली. तीनला वेचणीवाल्या बायांना मालक चहा पाजतो. घरी आल्यावर पुन्हा चहा-खारी. रात्री नऊला भात, मोठं ताट भरून, त्यावर पातळ वरण, आणि लगेच झोप, कारण पहाटे उठायचं असते. चहात साखर दोन चमचे. चार चहाचे आठ चमचे धरले तर चाळीस ग्रॅमच्या आसपास जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दोन हजार कॅलरी खाणाऱ्यानं वरून घातलेली साखर पन्नासच्या आत ठेवावी, पंचवीसच्या आत असली तर उत्तम. आणि काकूला विचारलं गोड खाता का, तर ती म्हणाली, "नाही जी, सनावाराले."

रात्री भातच का? कारण दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईच्यानं रात्री भाकरी थापवत नाही, तांदूळ धुतला, टाकला, झालं. आणि तांदूळ घरात आहे. 2023 पासून रेशन फुकट आहे, माणशी पाच किलो, गहू-तांदूळ. त्या धान्याला मी नावं ठेवणार नाही, चूल पेटण्याची खात्री आहे त्याच्यामुळे, ज्यांनी उपाशी दिवस काढलेत त्यांना विचारा. पण ताटात त्याच्यासोबत यायला पाहिजे ते आलं नाही.

काकू म्हणाली लहानपणी ज्वारीच्या कण्या, भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी असं खायचो. आता त्यांच्या शिवारात ज्वारी नाहीच, सगळं सोयाबीन आणि पऱ्हाटी म्हणजे कापूस, कोणी एकट्यानं ज्वारी पेरली की पाखरं आणि रानडुकरं एकट्याच्याच वावरावर येतात. पण ज्वारी आणा म्हणजे सगळं ठीक होईल असंही मी सांगत नाही. आयसीएमआरचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेचा, जो मोठा डायबेटिसचा अभ्यास आहे, इंडियाब, त्याचा आहारावरचा भाग 2025 मधे आला, त्यात दिसलं की भारतीय माणसाच्या 62 टक्के कॅलरी कार्बोहायड्रेटमधून येतात, आणि नुसता तांदूळ काढून गहू किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं, एकूण धान्य तेवढंच ठेवलं, तर डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसला नाही. धान्याचा थोडा वाटा काढून तिथं डाळ-कडधान्य किंवा दूध-दह्यासारखी प्रथिनं आली की धोका कमी दिसला. हे वाचल्यापासून माझं बोलणंच बदललं. भात कमी करा याच्या आधी मी विचारते डाळ किती लागते महिन्याला.

काकूकडे चार माणसांत महिन्याला दोन किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरीचं जे ताट सांगितलंय त्यात दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळ-कडधान्य 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आहेत. चार माणसांचे महिन्याचे दहा किलो होतात. दहा आणि दोन! आणि हे तूर पिकवणाऱ्या घरात. तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत तुरीच्या ओळी, तूर निघाली की सगळी मार्केटला जाते कारण बी-खताची उधारी मानेवर असते, आणि मग पावसाळ्यात तीच डाळ दुकानातून पावशेर-पावशेर आणायची, विकताना स्वस्त आणि घेताना महाग. एवढी मेहनत करणाऱ्या बाईचं शरीर दिवसभर चहा-साखर आणि रात्री भात यावर चाललंय, अंगावर मांस नाही, ज्या स्नायूंत साखर खर्च व्हायची तेच कमी.

बारीक माणसाला शुगर कशी होते हे नवऱ्याला काही केल्या पटेना. मग मी त्याला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. 2004 मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. बाहेरून दोघं सारखेच दिसणारे. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या टीमनं जन्मलेली बाळं पण मोजली, तर वजनानं कमी असलेल्या बाळांत सुद्धा चरबीचा वाटा त्या मानानं जास्त. आईला पोटभर चांगलं मिळालं नसेल तर लेकराचं शरीर असं घडतं. काकू गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "मी दुस्कायातली हावो मॅडम, बहात्तरची. माही माय सांगे, तवा मिलो खाऊन दिवस काढले." एका माणसाच्या आजाराचं बोट थेट त्या वर्षावर ठेवता येत नाही, पण दुष्काळातली, परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीची गोष्ट ती अशी सांगितल्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही खरं.

मार्गशीर्ष चालू होता, गुरुवारचे उपवास. ते सोडा म्हटलं असतं तर काकू पुन्हा दवाखान्यात आली नसती. साबुदाणा जवळपास नुसता स्टार्च, त्याच्याऐवजी शेंगदाणे, ताक, दही, आणि गोळी घेऊन उपाशी मात्र अजिबात राहायचं नाही, मेडिकल ऑफिसरनी पण हे दोनदा बजावलं. भाजीचं विचारलं तर पैसे कुठून म्हणाली, आणि डिसेंबर होता हो! वावरात हरभऱ्याची कोवळी भाजी, तुरीच्या ओल्या शेंगा, बांधावर शेवगा, हे सगळं आपण वाऱ्यावर सोडून पाच रुपयाचा बिस्कीटपुडा घेतो. रात्रीचा भात अर्धा, त्याच्या जागी घट्ट वरण नाहीतर तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) आमटी, आधी भाजी-वरण खा आणि भात शेवटी, एवढंच ठरवलं त्या दिवशी. जास्त सांगितलं की काहीच होत नाही, हे माझं पक्कं मत आहे.

पुढच्या खेपेला काकू आली ती तक्रार घेऊनच, सुई ओवता येत नाही! पण गोळी चालू होती, कारण आधीच सांगितलं होतं. मायनस जवळजवळ उतरला होता, जुनाच चष्मा पुन्हा लागू पडला. जिल्हा रुग्णालयातून डोळ्याचा मागचा पडदा तपासून आला, स्वच्छ निघाला, आता दर वर्षी तपासायचा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तुरीवर. नवरा म्हणे एक कट्टा घरी ठेवतो, मी म्हटलं कट्ट्यानं काय होते, क्विंटल दीड क्विंटल ठेवा, तर तो म्हणे कृषी केंद्रवाल्याले काय सांगू. त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी एक क्विंटल राहिली, भरडून आणली तर सत्तर किलोच्या वर डाळ झाली. त्याच नादात त्याची पण तपासणी करून घेतली, एकाच भांड्यातलं खातात ना दोघं, तर त्याची उपाशीपोटी 117 निघाली, म्हणजे उंबरठ्यावर. 100 ते 125 ला प्रीडायबेटिस म्हणतात. मोठा मुलगा अजून तपासायला आला नाही, वेळ नाही म्हणतो.

आमच्याकडे आता असं ठरलंय की नंबर झपाट्यानं बदललेला दिसला, आणि विशेषतः दोन्ही डोळ्यांचा सारखाच, की चष्म्याची चिठ्ठी द्यायच्या आधी पेशंट लॅबमधे. काकूची एचबीए1सी 11.4 वरून 7.6 वर आलीय, वजन 44. चहातली साखर दोन चमच्यावरून एकावर आली, तीनचा मालकाचा चहा मात्र ती तसाच गोड पिते, सगळ्या बायांसोबत बसून. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.