तुम्ही विचारलंत म्हणून: हा वाईस किती जुना?

जळालेली मोटर नव्या तारेने भरून न्यायला आलेला माणूस बाकड्यावर टेकतो, चहाचा कप हातात घेतो आणि हमखास समोरच्या वाईसकडे, म्हणजे काम जबड्यात आवळून धरायच्या शिकंज्याकडे, बोट दाखवतो. "काका, हा किती जुना हो?" त्यामागून दुसरा प्रश्न ठरलेला, "आन् नवा सोडून भंगारातला कशापायी घेतला?" गिऱ्हाइकाला घाई असते, म्हणून मी "तुझ्या आजोबाच्या वयाचा" असं म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर एका कपात मावत नाही.

परभणीहून जालन्याला मी बेअरिंग आणायला गेलो होतो. जालन्यात भंगाराला काय कमी? तिथल्या भट्ट्या भंगार वितळवून सळई काढतात. एका गोडाऊनच्या दारात हा उताणा पडला होता, अंगावर रंगाचे चार थर आणि वर चिमणीची विष्ठा. विचारल्यावर मालक म्हणाला, "बिडाचा माल आहे काका, फाउंड्रीचा टेम्पो संध्याकाळी येतोय. घ्यायचा तर आत्ता घ्या." माझ्याबरोबर आलेल्या भाच्याने निरागसपणे विचारलं, "मामा, बीडहून आलाय का?" ओतीव लोखंडाला बीड म्हणतात हे त्या पोराला मी तिथं उभ्या उभ्या शिकवलं. अजून पाव्हण्यांत गेलं की त्याला चिडवतात.

बिडाचा म्हणूनच नीट बघावं लागतं. बीड दाबाला तगडं, घणाला कच्चं. एकदा तडा गेला की वेल्डिंगवाला हात जोडतो. मी खिशातला पाना काढून जबड्यावर हलकेच मारला. टण्ण असा लांब आवाज आला. भदभद वाजला असता तर तिथूनच माघारी फिरलो असतो. मग पुढचा जबडा ज्या खोबणीत सरकतो तिच्या कडा बोटाने चाचपल्या, बोल्टच्या चारी भोकांभोवती चीर आहे का ते पाहिलं आणि दांडी पाहिली. दांडी वाकडी असली तर समजायचं की कुणीतरी तिच्यावर पाइप घालून आवळलाय. ही वाकडी नव्हती. पाच इंची जबडा, बावीस किलो वजन, साठ रुपये किलो. तेराशेवीस झाले, वरचे वीस त्याने सोडले.

घासाघीस भावावर झाली नाही, कागदावर झाली. नखाने रंग खरवडला तेव्हा मागच्या ऐरणीवर ठोकलेली इंग्रजी अक्षरं लागली: एन. एस. आर. म्हणजे निजाम स्टेट रेल्वे. रेल्वेचा माल बिनकागदाचा जवळ सापडला तर १९६६ च्या कायद्याने तुम्हालाच सांगावं लागतं की तो आला कुठून. मालकाने कुरकुरत लिलावाच्या पावतीची झेरॉक्स काढून दिली. ती अजून माझ्याकडे आहे, पंप दुरुस्तीच्या बिलांच्या फाइलीत.

आता वय. वाईसच्या अंगावर ओतलेलं नाव "रेकॉर्ड" आणि खाली "मेड इन इंग्लंड". हे शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचं नाव, १९०९ पासूनचं. पुढे १९७२ मध्ये ती कंपनी रिजवे नावाच्या दुसऱ्या कंपनीत मिसळली. म्हणजे नावावरून साठ-पासष्ट वर्षांचं अंतर उरतं, त्याला काय वय म्हणायचं? अमेरिकेतला विल्टन असता तर काम सोपं होतं. सुरुवातीच्या विल्टनांच्या खालच्या पट्टीवर तारीख ठोकलेली असते, फक्त ती पाच वर्षांची गॅरंटी संपण्याची असते, म्हणून पाच वजा करायचे. देशी वाईसवर पत्त्याची पट्टी असेल तर मी आधी पिनकोड शोधतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे सहा आकडे दिसले की वाईस त्यानंतरचा. रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. रंग कुणीही देतो, दिवाळीत तर सगळेच देतात.

रेकॉर्डच्या बाबतीत मला मदत केली ती मूळ मालकाच्या, म्हणजे रेल्वेच्या, अक्षरांनी. आपल्याकडची मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज १९०० च्या आसपास झाली, तेव्हा कंपनीच्या नावात "गॅरंटीड" शब्द होता आणि अक्षरं चार होती: एन. जी. एस. आर. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे विकत घेतली आणि "जी" गळला. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये आपला भाग दक्षिण मध्य रेल्वेत. माझ्या वाईसवर एन. एस. आर. आहे आणि त्याच्या शेजारी, जरा घाईने ठोकल्यासारखं तिरकं, सी. आर., म्हणजे सेंट्रल (मध्य) रेल्वे, आहे. म्हणजे १९३० नंतर कधीतरी खरेदी झाला आणि मालक बदलला तेव्हा कामावर हजर होता. पूर्णेच्या रेल्वे शेडात असावा असं मला वाटतं. पुरावा काही नाही, पण पूर्णा आमच्यापासून जवळ आहे आणि १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज येत गेली तेव्हा मीटरगेजचं किती सामान असंच उताणं पडलं ते मी पाहिलंय.

खोलताना पहिली चूक माझीच. दांडी फिरवत फिरवत पुढचा जबडा शेवटपर्यंत बाहेर आणला आणि खाली लाकूड ठेवायला विसरलो. आटे सुटले आणि धूड सरळ माझ्या अंगठ्यावर. नख काळं पडलं, दोन महिन्यांनी गळालं. मागची पिन ठोकून काढल्यावर वायसर आणि स्प्रिंग आली, स्पिंडल, म्हणजे आट्यांचा लांब स्क्रू, मोकळं झालं. खरा त्रास जबड्याच्या पट्ट्यांचा. चार स्क्रू, चारही गंजाने एकजीव. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून तीन दिवस डिझेलचा बोळा ठेवला. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पंच धरून दोन ठोके दिले आणि सोडवायच्या आधी तो किंचित आवळला. आवळताना "कट" असा बारीक आवाज आला की समजावं, गंजाची पकड सुटली. तीन आले. चौथ्याने डोकं सोडलं, अंग आतच राहिलं. ते ड्रिलने काढण्यात एक रविवार गेला.

गंज मी विजेने काढतो. बादलीत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची काळी तार वाईसला आणि लाल तार टाकाऊ लोखंडाच्या पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा वापरायचा नाही, त्यातून विषारी पाणी तयार होतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून हे अंगणात, उघड्यावर करायचं. एप्रिल महिना होता, नळाला आठव्या दिवशी पाणी. घरातून विचारणा झाली की बादलीत लोखंडाला आंघोळ घालता, मग माणसांनी काय करायचं? तेच पाणी पाच वेळा वापरलं, हे इथं नोंदवून ठेवतो.

बादलीतून नट, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतं तो भाग, बाहेर काढला तेव्हा लक्षात आलं की तो मूळचा नाहीच. गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा होता, हाताने ओतून, लेथवर चौकोनी आटे पाडून बसवलेला, आणि काम इतकं नेटकं की आज पैसे देऊनही मिळणार नाही. मी म्हटलं, हा नंतरच्या काळातला जुगाड, वयात धरायचा नाही. मग ब्रश मारताना त्याच्या आतल्या बाजूला छिन्नीचे दोन घाव दिसले, इंग्रजी व्हीसारखे. सरकत्या जबड्याच्या पोटाखाली पाहिलं, तिथंही तसेच दोन घाव.

व्ही कशाला कुणी काढेल, म्हणून दोन दिवस तो नट टेबलावर पडून होता. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. किराणाचा हिशेब ते मरेपर्यंत उर्दू आकड्यांत लिहायचे आणि आम्हा पोरांना दुकानदाराचं बिल ताडून बघता यायचं नाही. त्यांच्या वहीत सात असाच असायचा, वर उघडा. तेव्हा हा नट उर्दू शिकलेल्या फिटरने बसवलेला असणार. तो निजामाचं राज्य गेलं त्या १९४८ च्या आधीचा की त्याच्यानंतर वीस वर्षं नोकरीत राहिलेला, ते कसं सांगणार? पण एक नक्की. जुळे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून फिटर असा नंबर टाकतो, म्हणजे शेडात हा एकटा नव्हता.

किती होते ते विचाराल तर पंचाईत आहे. उर्दूतला सात उलटा केला की आठ होतो आणि नटाला वर-खाली नसतं.