ग्रेहाउंड: व्होडका, ग्रेपफ्रूट आणि मिठाचे तीन थेंब

व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. त्यामुळे ग्रेहाउंडसारख्या दोनच घटकांच्या कॉकटेलमध्ये जिभेला जे कळतं, ते सगळं रसाचं. भारी बाटली आणून तिच्यात डबाबंद रस ओतला तर पैसे वाया जातात. व्होडका साधी, स्वच्छ असली तरी भागतं. ग्रेपफ्रूट मात्र ताजंच पिळायला हवं.

एका ग्लासाला 50 मिली व्होडका आणि 120 मिली रस लागतो. मध्यम आकाराच्या एका फळातून एवढा रस निघतो. उंच ग्लास मोठ्या तुकड्यांच्या बर्फाने काठोकाठ भरा, आधी व्होडका, मग रस ओता आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन दोन-तीनदा वर आणा. शेकर नको, त्यात फेस होतो आणि बर्फही जास्त वितळतो. बर्फ कमी घातला तर पेय कमी पातळ होईल असं वाटतं, पण घडतं उलट. थोडा बर्फ भराभर विरघळतो, भरपूर बर्फ एकमेकांना गार ठेवतो. फळ आणि बाटली आधीच फ्रिजमध्ये ठेवली तर फरक लगेच जाणवतो.

पिळण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. ग्रेपफ्रूटचा कडवटपणा मुख्यतः नॅरिंजिन या द्रव्याचा, आणि ते सालीखालच्या पांढऱ्या गरात व फोडींच्या पापुद्र्यात जास्त असतं. शेवटच्या थेंबासाठी साल दाबून घासली की तो कडूपणा रसात उतरतो. फळ आडवं कापा, हलक्या हाताने पिळा आणि साल जड वाटत असतानाच थांबा. रस गाळून लगेच वापरा.

तरीही कडू लागलं तर साखरेकडे वळण्याआधी मीठ घाला. सोडियम जिभेवरची कडू चव दाबतं, मग फळातला गोडवा आपोआप पुढे येतो. 80 मिली गरम पाण्यात 20 ग्रॅम मीठ विरघळवून गार करा आणि ग्लासात त्याचे तीन थेंब टाका. पेय खारट लागणार नाही, नुसतं गोलसर लागेल. ग्लासाच्या कडेला मीठ लावलं की त्याच पेयाला सॉल्टी डॉग म्हणतात. कड फोडीने ओली करायची, पाण्याने नाही. पाणी वाळतं आणि मीठ गळून पडतं. जाडं मीठ घ्या, फक्त बाहेरच्या बाजूने आणि अर्ध्याच कडेला लावा. आतल्या बाजूला लागलेलं मीठ पेयात पडतं आणि शेवटचे घोट समुद्राच्या पाण्यासारखे होतात.

ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्रं यांचा नैसर्गिक संकर. तो अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये झाला. अमेरिकेत व्होडका मात्र उशिरा रुळली. ह्युब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिन यांनी 1939 मध्ये स्मिर्नॉफचे तिथले हक्क अवघ्या 14,000 डॉलरना घेतले. 1945 च्या हार्पर्स मासिकात व्होडका, साखर आणि डबाबंद ग्रेपफ्रूट रसाच्या ‘ग्रेहाउंड’चा उल्लेख सापडतो. तेव्हाच्या डबाबंद रसाला साखर लागत असेल, ताज्या रसाला ती लागत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो, हे कॅनडातले संशोधक तपासत होते. दारूची चव लपावी म्हणून त्यांनी तिच्यात ग्रेपफ्रूटचा रस मिसळला. म्हणजे जवळजवळ हेच पेय! रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं आणि शोध घेतल्यावर कारण निघालं ते रस. हे निष्कर्ष 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्यात औषध मोडणारं एक एन्झाइम हा रस बंद पाडतो आणि तो परिणाम दिवसभराहूनही जास्त टिकू शकतो, त्यामुळे गोळी आणि ग्लास यांच्यात काही तासांचं अंतर ठेवून उपयोग नाही. सिमव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनाही हेच लागू आहे. औषध चालू असेल तर डॉक्टरांना ग्रेपफ्रूटबद्दल आणि मद्याबद्दल वेगवेगळं विचारा.

मद्य चालतं, पण ग्रेपफ्रूट नको, असं उत्तर आलं तर 110 मिली गोड संत्र्याचा रस आणि 10 मिली लिंबाचा रस घ्या. संत्र्यात आंबटपणा कमी असतो. लिंबाशिवाय पेय मिळमिळीत होतं. मिठाच्या पाण्याचा इथे एकच थेंब पुरे.